राजा बायकांच्या पंगतीत बसला

कोकणातल्या जुन्या घरामागे, न्हाणीचं सांडपाणी जिथे मुरतं तिथे, अळू असतंच. बहुतेक वेळा ते कोणी मुद्दाम लावलेलंही नसतं. श्रावणात त्याची पातळ भाजी होते, चणाडाळ आणि शेंगदाणे घालून. पानं मोठी झाली की वड्या. चिंच घालायची राहिली तर जेवणारा घसा खाजवत उठतो. नेमकं हेच अळू प्रशांत महासागराच्या मधोमध हवाई बेटांवर 'कालो' म्हणून ओळखलं जातं आणि त्याच्या कोवळ्या पानाला तिथे 'लुआउ' म्हणतात.

'लुआउ' म्हटलं की आज बाहेरच्या माणसाला समुद्रकाठची संध्याकाळ आठवते: मशाली, फुलांचे हार, हुला नृत्य, जमिनीतून वाफाळत बाहेर निघणारं डुक्कर आणि तिकिटाचा दर. पण हा शब्द मेजवानीला चिकटला तो बराच उशिरा. होनोलुलूच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने १८५६ साली तो या अर्थाने छापला, ही त्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. त्याआधी हवाईची माणसं मेजवानीला 'आहाआयना' म्हणत, म्हणजे जेवणासाठी जमलेला मेळा. लहानशा बैठकीला 'पाइना'. या बेटांवर एका जेवणाने आख्खा धर्म मोडला. त्या दिवसांत पाच-सहा वर्षांचा असलेला एक मुलगा पुढे राजा झाला आणि त्याने हजारोंची पंगत बसवली. लुआउची खरी गोष्ट या दोन जेवणांच्या मधली आहे.

त्या गोष्टीची सुरुवात एका भानगडीपासून होते. हवाईच्या पुराणकथेप्रमाणे आकाशपिता वाकेआ याचं मन स्वतःच्याच मुलीवर, होओहोकुकालानीवर, गेलं. बायकोला, पापाला, संशय येऊ नये म्हणून त्याने पुरोहिताच्या सल्ल्याने नियम केला: महिन्यातल्या अमुक रात्री नवरा-बायकोने वेगळं राहायचं, आणि पुरुषांनी व बायकांनी एकत्र जेवायचं नाही. बायकांना वेगळं जेवायला लावणाऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एका नवऱ्याची लपवाछपवी आहे, हे ती व्यवस्था पाळणाऱ्यांच्याच कथेत सांगितलेलं आहे. इतका प्रामाणिकपणा पुराणांत क्वचितच सापडतो. वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचं पहिलं मूल निर्जीव जन्मलं. त्याला घराशेजारी पुरलं, तिथून अळूचा पहिला कोंब फुटला. दुसरं मूल जगलं, तो माणसांचा पूर्वज. दोघांचं नाव एकच, हालोआ. म्हणून अळू हा माणसाचा थोरला भाऊ. थोरल्याने पोसायचं आणि धाकट्याने त्याची निगा राखायची. पोईचं भांडं उघडं असताना भांडू नये, अशी रीत जुन्या घरांत होती, कारण थोरला भाऊ समोर बसलेला असतो.

पोई म्हणजे अळूचे गड्डे शिजवून, लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटून, पाणी घालत सैल केलेला जांभळट करडा लगदा. ताजा असताना गुळचट लागतो, दोन-तीन दिवसांनी आंबतो, आणि जाणकारांना तो आंबलेलाच आवडतो. दाटपणा बोटांवर मोजतात: एका बोटावर उचलता आली तर एकबोटी, नाहीतर दोनबोटी, तीनबोटी. सोबत मीठ, समुद्रातलं शेवाळ, मासे, आणि कुकुईच्या तेलकट बिया भाजून कुटलेली 'इनामोना' नावाची चटणी. हे रोजचं जेवण. सणाच्या जेवणात डुक्कर यायचं.

हे सगळं शिजवायचे मात्र पुरुष. जमिनीत खड्डा खणून त्यात लाकडं पेटवायची आणि त्यांवर सच्छिद्र लाव्हाचे दगड लाल होईपर्यंत तापवायचे. काही दगड डुकराच्या पोटात भरायचे. खड्ड्यात केळीचे ठेचलेले खुंट आणि टी नावाच्या झुडपाची रुंद पानं पसरायची, म्हणजे वाफ धरते. मग मांस, अळूचे गड्डे, रताळी, मासे रचून वरून पानं, चटया आणि शेवटी माती. काही तासांनी उघडायचं. या भट्टीला 'इमू' म्हणतात आणि असं शिजवण्याला 'कालुआ'. आपल्याकडे रायगडात पोपटी लावणाऱ्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही, फक्त तिथे मडकं नसतं. 'आय-कापू' म्हणजे जेवणाच्या सोवळ्याच्या नियमाप्रमाणे बायकांचं अन्न वेगळ्या इमूत शिजवावं लागे. म्हणजे घरातल्या पुरुषाने दोन भट्ट्या लावायच्या, दोनदा पोई कुटायची. पुरुष 'मुआ' नावाच्या घरात जेवत, तिथेच कुलदैवताची पूजाही होई. बायका आणि लहान मुलं वेगळ्या घरात. मुलगा पाचएक वर्षांचा झाला की त्याला आईच्या पंगतीतून उठवून समारंभाने मुआत नेत. आईच्या हातचा घास तिथे संपायचा.

बायकांना डुक्कर, नारळ, बहुतेक जातींची केळी आणि ठरावीक मासे वर्ज्य होते. हे पदार्थ देवांना चढवायचे म्हणून पवित्र, त्यामुळे पुरुषांचे. नियम मोडला तर शिक्षा मरणाची असू शके. ती कोणाला मिळे हे मात्र माणसाच्या दर्जावर अवलंबून असे. कापिओलानी नावाच्या सरदारकन्येबद्दल पुढे मिशनऱ्यांनी एक गोष्ट लिहून ठेवली आहे: लहानपणी तिने चोरून केळं खाल्लं, ते उघडकीला आलं आणि तिच्याऐवजी तिच्या सेवेतल्या एका पोराचा बळी दिला गेला.

मेजवानीचा मोठा काळ 'माकाहिकी'चा. संध्याकाळी पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका उगवू लागला की हा चार महिन्यांचा काळ सुरू होई. (कृत्तिकांवरूनच आपल्या कार्तिकाचं नाव पडलं, दोन दूरच्या समाजांनी जवळपास एकाच सुमाराला त्याच ताऱ्यांकडे पाहिलं.) लोनो देवाची मिरवणूक बेटाला फेरी घाली, वाटेत प्रत्येक गावाची सीमा लागली की तिथला कर जमा होई, आणि मग खेळ, नाच, जेवणं. युद्धाला बंदी. कर म्हणून आलेलं अन्न, डुकरं, कापड सरदारांकडे जाई आणि त्यातलं काही पंगतीच्या रूपाने खाली येई. राजाची उदारता म्हणजे काय, हे सामान्य माणसाला कळायचं ते इथे, पोटातून.

ही घडी विस्कटायला सुरुवात झाली ती समुद्रावर. जेम्स कुकची जहाजं १७७८ च्या जानेवारीत काउआईच्या किनाऱ्याला लागली. पुढच्या हिवाळ्यात ती परत आली तेव्हा माकाहिकी चालू होता. जहाजावरच्या लोकांनी लिहून ठेवलं आहे की बायका जहाजावर आल्या की डुक्कर, केळी असे वर्ज्य पदार्थ निवांत खात. किनाऱ्यावर कळू देऊ नका, एवढंच सांगत. काही झालं नाही. वीज पडली नाही, कोणी मेलं नाही. पुढच्या चाळीस वर्षांत व्यापारी जहाजं येत राहिली, चंदनाचा व्यापार वाढला, आणि बेटांवर राहणारे गोरे लोक बायकांसोबत एकाच टेबलावर जेवताना रोज दिसू लागले. देवांनी त्यांचंही काही केलं नाही. नियम जिवंत होता, पण त्याचा धाक पातळ होत चालला होता.

तो टिकवून धरला होता एका माणसाने. पहिल्या कामेहामेहाने १७९५ ते १८१० या काळात लढाई आणि मुत्सद्देगिरी वापरून सगळी बेटं एका सत्तेखाली आणली. त्याने बंदुका घेतल्या, जहाजं घेतली, इंग्रज सल्लागार ठेवले. देव मात्र जुनेच पाळले. ८ मे १८१९ रोजी कैलुआ इथे, कामाकाहोनूच्या आपल्या निवासात तो वारला.

राजा मेला की काही दिवस सगळे नियम उठत, ही रूढीच होती. शोकाच्या काळात बायका डुक्कर खात, पुरुषांसोबत बसत. त्या मोकळ्या जेवणाला 'आय नोआ' म्हणत. मग नवा राजा शुद्ध होऊन येई आणि कापू, म्हणजे सोवळ्याचे नियम, पुन्हा लावी. राज्य सुरू झालं याची खूण म्हणजे बायका पुन्हा वेगळ्या बसल्या. या वेळी फक्त इतकंच झालं की खूण झाली नाही. क्रांती म्हणावी असं कोणी काही केलं नाही. नेहमीची एक गोष्ट करायची टाळली.

टाळणाऱ्या दोघी होत्या. पहिली काअहुमानू, मृत राजाची आवडती राणी: धिप्पाड, हुशार, महत्त्वाकांक्षी. इतिहासकार सॅम्युएल कामाकाउने लिहिलं आहे की नवा राजा, मृत राजाचा मुलगा लिहोलिहो, याच्या राज्याभिषेकाच्या वेळी तिने जाहीर केलं की मृत राजाच्या इच्छेप्रमाणे राज्य आपण दोघांनी मिळून करायचं आहे. लिहोलिहो तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा. दुसरी केओपुओलानी, लिहोलिहोची आई. तिचं कूळ इतकं उच्च होतं की तिच्यासमोर सामान्यांना जमिनीवर लोटांगण घालावं लागे. म्हणजे जुन्या व्यवस्थेत सर्वांत पवित्र असलेली स्त्रीच ती व्यवस्था मोडायला निघाली होती. वरवर हे विचित्र वाटतं. पण कापू असेतो कोणत्याही बाईला, कितीही उच्च असो, 'हेइआउ' म्हणजे देवळाच्या मुख्य विधींत जागा नव्हती, आणि युद्ध-तहाचे निर्णय तिथेच होत. काअहुमानूच्या हातात राज्याचा अर्धा वाटा आला खरा, पण तो वापरायच्या खोलीचं दार तिला बंद होतं.

आणखी एक कारण होतं, थंड डोक्याचं. मरण्याआधी कामेहामेहाने राज्य मुलाला दिलं, पण युद्धदेव कुकाइलिमोकू याची मूर्ती सोपवली पुतण्याकडे, केकुआओकलानीकडे. हा डाव सगळ्यांना पाठ होता. एका पिढीमागे स्वतः कामेहामेहालाच असाच फक्त देव मिळाला होता, राज्य चुलतभावाला; आणि देवाच्या जोरावर त्याने ते राज्य घेतलं होतं. आता केकुआओकलानी तेच करणार हे उघड होतं. देवच राहिला नाही तर त्याच्याकडे उरतं काय? काअहुमानूला धर्मसुधारणा हवी होती की प्रतिस्पर्ध्याचं भांडवल बुडवायचं होतं, असा प्रश्न इतिहासकार विचारतात. मला वाटतं, तिला या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नसाव्यात.

लिहोलिहो मात्र कचरला. काअहुमानूने सुचवल्यावर त्याने होकारही दिला नाही, नकारही. मग केओपुओलानीने धाकट्या मुलाला, काउइकेआउलीला, बोलावून घेतलं आणि आपल्यासोबत जेवायला बसवलं. वय पाच-सहा वर्षं, म्हणजे ज्या वयात मुलाला आईच्या पंगतीतून उठवून मुआत नेतात नेमकं तेच. हे पोर मोठ्या कौतुकाचं होतं. जन्मला तेव्हा मेल्यासारखाच होता. एका भविष्यवेत्त्याने प्रार्थना करून, पाणी शिंपडून त्याला जिवंत केलं, असं सांगत. आईसोबतचं त्याचं जेवण थोरल्या भावाने, लिहोलिहोने, पाहिलं, अडवलं नाही. पण स्वतः अजून बसला नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला काअहुमानूने त्याला कैलुआला बोलावलं. तो निघाला, पण किनाऱ्याला लागेना. दोन दिवस आपल्या माणसांसह नावेतून समुद्रावर फिरत दारू पीत राहिला. शेवटी काअहुमानूने मोठ्या होड्या पाठवून त्याला ओढून आणलं. राजाने त्या दोन दिवसांत काय विचार केला हे कुठेच लिहिलेलं नाही, पण दारूची गरज कशासाठी पडली असेल ते समजतं. तो जन्मापासून ज्या गोष्टीला मरण मानत आला होता ती त्याला चारचौघांत करायची होती.

किनाऱ्यावर गोऱ्यांच्या पद्धतीची दोन टेबलं मांडली होती, एक पुरुषांचं, एक बायकांचं. सरदार जमले होते, काही परदेशी पाहुणेही. सगळे बसल्यावर राजा उठला, टेबलांभोवती एक-दोन फेऱ्या मारल्या, कोण कुठे बसलं आहे ते पाहत असल्यासारखं. मग एकदम बायकांच्या टेबलाशी रिकाम्या जागेवर बसला आणि जेवू लागला. भराभर, अधाशासारखा, पण चेहऱ्यावर घालमेल दिसत होती, असं त्या प्रसंगाचं वर्णन पुढे लिहिलं गेलं. क्षणभर सगळे सुन्न. मग टाळ्या आणि आरोळ्या: आय नोआ! सोवळं मोडलं! जेवण संपल्यावर राजाने हुकूम सोडला, देवळं पाडा, मूर्ती जाळा. सर्वांत आधी ज्याने आग लावली असं सांगतात तो स्वतः मुख्य पुरोहित हेवाहेवा होता.

आपल्याकडे पंगत म्हणजे समाजाचा नकाशा असतो, हे कोणाला वेगळं सांगायला नको. कोण कोणाशेजारी बसतं यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. म्हणूनच या प्रसंगातली धग मराठी वाचकाला लवकर कळावी. फरक इतकाच की तिथे पंक्तिभेद मोडायला आंदोलन लागलं नाही. तो ज्याच्या अधिकारावर उभा होता त्यानेच खुर्ची बदलली.

मात्र रक्त सांडलं. केकुआओकलानी जुन्या देवांसाठी उभा राहिला. १८१९ च्या डिसेंबरात कैलुआच्या दक्षिणेला कुआमोओ इथे, काळ्या लाव्हाच्या खडकाळ किनाऱ्यावर, लढाई झाली. राजाकडचा सेनापती होता कालानिमोकू. त्या वर्षीच्या ऑगस्टात एका फ्रेंच जहाजावर त्याने बाप्तिस्मा घेतला होता. राजाकडे बंदुका जास्त होत्या. केकुआओकलानी पडला, शेवटपर्यंत शेजारी लढणारी त्याची बायको मानोनोही पडली. मेलेल्यांवर रचलेले दगडांचे ढीग आजही तिथे दिसतात. बायकांना पुरुषांच्या पंगतीत बसवण्याच्या या लढाईत जुन्या बाजूने मेलेल्यांत एक बाई होती, हे विसरता कामा नये. प्रत्येक राणी काअहुमानूसारखा विचार करत नव्हती.

इथे योगायोगाची एक गोष्ट. न्यू इंग्लंडमधले मिशनरी 'थॅडियस' जहाजातून बॉस्टनहून निघाले ते २३ ऑक्टोबर १८१९ ला, म्हणजे त्या जेवणाच्या काही दिवस आधी. मूर्तिपूजकांशी झगडायच्या तयारीने केप हॉर्नला वळसा घालून ३० मार्च १८२० ला बेटांजवळ पोहोचले तेव्हा बातमी मिळाली की राजा मेला, मूर्ती जळल्या. त्यांना वाटलं, ही देवाची करणी. प्रत्यक्षात ती दोन राण्यांची करणी होती, आणि त्यांनी मोडलेल्या धर्माची जागा मोकळी पडलेली होती. ती मिशनऱ्यांनी भराभर भरली. हुलाकडे ते नाकं मुरडत, आणि १८३० मध्ये ख्रिस्ती झालेल्या काअहुमानूनेच जाहीर हुलावर बंदी घातली. एक कापू मोडून दुसरा लावणारी तीच बाई. पण पंगतीतला पंक्तिभेद पुन्हा आला नाही. १८२३ मध्ये हवाई बेटावर पायी फिरलेल्या विल्यम एलिसने सरदारांच्या मेजवानीत एका वेळी शेकडो भाजलेली कुत्री मांडल्याचं लिहिलं आहे. पोई खाऊन वाढवलेली ती कुत्री तिथे पक्वान्न समजली जात. आजच्या लुआउच्या जाहिरातीत हा पदार्थ कोणी सांगत नाही.

लिहोलिहो १८२४ मध्ये इंग्लंडच्या राजाला भेटायला लंडनला गेला आणि तिथे गोवराने मेला. त्याची राणी त्याच्या काही दिवस आधीच गेली होती. गादीवर आला तोच धाकटा, आईच्या पानात जेवलेला काउइकेआउली, तिसरा कामेहामेहा म्हणून. त्याच्या राज्यात लिखित संविधान आलं, आणि लोक मात्र कमी होत गेले. परदेशी रोगांना अंगात प्रतिकार नसलेला हा समाज झपाट्याने मरत होता: १८३१–३२ च्या मोजणीत सुमारे १ लाख ३० हजार माणसं, १८५३ मध्ये ७३ हजार.

१८४३ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश नौदलाचा एक अधिकारी, लॉर्ड जॉर्ज पॉलेट, होनोलुलूत जहाज घेऊन आला आणि तोफांच्या धाकावर राज्य ताब्यात घेतलं. पाच महिन्यांनी त्याचा वरिष्ठ अॅडमिरल रिचर्ड थॉमस आला, चौकशी केली आणि ३१ जुलैला राज्य राजाला परत दिलं. साम्राज्यांच्या इतिहासात अशी उदाहरणं फार नाहीत. राजाने तो दिवस राष्ट्रीय सण ठरवला. ज्या मैदानात परतीचा समारंभ झाला ते आजही थॉमस स्क्वेअर म्हणून ओळखलं जातं.

चार वर्षांनी, ३१ जुलै १८४७ ला, त्या दिवसाची सर्वांत मोठी मेजवानी झाली. जागा होनोलुलूच्या मागच्या नुउआनू खोऱ्यातली, डोंगराच्या गारव्यात बांधलेल्या राजाच्या दगडी उन्हाळी घराची, कानिआकापुपूची. अंदाजे दहा हजार माणसं जेवली. त्या दिवसाच्या शिध्याची यादी शिल्लक आहे आणि ती वाचताना आपल्याकडच्या लग्नघरातला हिशेबनीस डोळ्यांसमोर येतो: २७१ डुकरं, ४८२ मोठी लाकडी भांडी भरून पोई, ६०२ कोंबड्या, ३ आख्खे बैल, ३,१२५ खारवलेले मासे, १,८२० ताजे मासे, १८० माकुल्या, ८२ टर्की, ५५ बदकं, २,२४५ नारळ, अळूचे ४,००० गड्डे, केळीचे ८० घड, ५५ अननस, १० पिंपं बटाटे, ४ पिंपं कांदे आणि कोबीसोबत पिंपं भरभरून 'लुआउ', म्हणजे अळूची पानं. खारं डुक्कर आणि पाव प्रत्येकी दोन पिंपं.

यादीकडे नीट पाहिलं की दोन काळ एकात एक मिसळलेले दिसतात. पोई, मासे, नारळ, गड्डे ही जुनी घरची माणसं. बैल, टर्की, कांदे, कोबी, पाव हे जहाजातून उतरलेले पाहुणे. आणि नारळ, केळी, डुक्कर यांच्या आसपास कोण जेवतंय याची चौकशी कुणी केली नसेल. अठ्ठावीस वर्षांपूर्वी या तीन पदार्थांसाठी माणसं मरत होती. आता ते सर्वांच्या पानात होते, आणि वाढणारा यजमान तोच होता ज्याला आईने समाज पाहत असताना शेजारी बसवलं होतं.

राजा असा दहा हजारांना का जेवू घालतो? परक्या जहाजांपुढे आपलं राज्य अजून उभं आहे हे दाखवायला, आणि प्रजेला आठवण द्यायला की जुना करार कायम आहे: तुम्ही जमिनीतून पिकवता, मी ते तुम्हाला परत वाढतो. पण पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, परक्यांच्या सल्ल्याने 'माहेले' नावाची जमिनीची वाटणी झाली. जमीन आता विकता-विकत घेता येऊ लागली, आणि सामान्य हवाईअन शेतकऱ्यांच्या नावावर तिचा एक टक्काही आला नाही. त्याच वर्षीच्या अखेरीस गोवर आणि डांग्या खोकल्याच्या साथी आल्या, हजारो माणसं गेली. म्हणून १८४७ च्या त्या मेजवानीला मी आरंभ म्हणत नाही. जुना करार एवढ्या थाटात पाळला गेला असा तो शेवटचा दिवस होता.

लुआउ हा शब्द मेजवानीच्या अर्थाने छापून आला तो या मेजवानीनंतर नऊ वर्षांनी. अळूची पानं नारळाच्या दुधात कोंबडी किंवा माकुलीसोबत शिजवतात, ती बाहेरच्या पाहुण्यांना विशेष आवडली. पदार्थाचं नाव पंगतीला पडलं. पंगतीचं पानही बदलत गेलं. दूर वायव्य अमेरिकेच्या नद्यांतला सामन मासा मिठात घालून जहाजांवरून येई. तो हाताने कुस्करून टोमॅटो-कांद्यात कालवला की 'लोमी सामन' झाला. आज तो अस्सल हवाईअन म्हणून वाढला जातो, आणि त्यातला एकही घटक मूळ हवाईचा नाही. चिनी मजुरांनी शेवया आणल्या, जपान्यांनी तेरियाकी. मला यात भेसळ दिसत नाही. आपल्या पानातली मिरची आणि बटाटाही समुद्रापलीकडूनच आलेत.

राजा कालाकाउआने मेजवानीला पुन्हा राजकारण बनवलं. १८८१ मध्ये जगप्रदक्षिणेला निघालेला हा पहिला राजा वाटेत मुंबईतही येऊन गेला. १८८३ मध्ये इओलानी राजवाड्यासमोर त्याने राज्याभिषेक करवून घेतला आणि मिशनऱ्यांच्या भुवया उंचावणारा हुला उघड्यावर नाचवला. १८८६ मध्ये पन्नाशीचा सोहळा केला. उधळपट्टी, असं विरोधक म्हणाले, आणि ती होतीही. पण ऊसमळेवाल्यांच्या हातात गेलेल्या देशात राजाकडे दाखवायला उरलेलं सर्वांत हवाईअन साधन म्हणजे पंगत होती. १८८९ च्या फेब्रुवारीत वायकिकीला त्याच्यासोबत जमिनीवरच्या पानांपाशी बसलेला लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन एका छायाचित्रात दिसतो. चार वर्षांनी, १८९३ मध्ये, व्यापाऱ्यांच्या एका गटाने अमेरिकन नौसैनिकांच्या उपस्थितीत त्याच्यानंतर गादीवर आलेल्या राणी लिलिउओकालानीला पदच्युत केलं. १८९८ मध्ये बेटं अमेरिकेत गेली.

ऊसमळ्यांनी राज्यासोबत पाणीही घेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खणलेल्या मोठ्या कालव्यांनी डोंगरातलं पाणी वळवलं आणि अळूचे चिखलवाफे कोरडे पडले. थोरल्या भावाची तहान इतकी झाली की पोई, जी कधी गरिबाचं रोजचं अन्न होती, ती महाग, सणावारी घ्यायची वस्तू झाली. तिकडे वायकिकीला १९२७ मध्ये रॉयल हवाईअन हॉटेल उभं राहिलं. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं आणि जेट विमानं आली. त्या वर्षी अडीच लाखांच्या आसपास असलेले पर्यटक १९६७ मध्ये दहा लाखांच्या वर गेले. त्यांच्यासाठी लुआउ दर संध्याकाळी होऊ लागला. इमू उघडणं हा ठरलेल्या वेळेचा प्रयोग झाला. पूर्वी राजा प्रजेला वाढायचा, आता पाहुणा पैसे देऊन बसतो. दोन्हीला एकच नाव आहे.

कानिआकापुपूच्या भिंती अजून आहेत, छप्पर नाही. नुउआनूच्या जंगलात, बांबू आणि झाडोऱ्यात, दगडांवर शेवाळ धरून. एका पाटीवर १८४७ च्या दहा हजारांचा उल्लेख. पाणलोट क्षेत्र असल्याने तिथे सहज जाता येत नाही. थॉमस स्क्वेअरमध्ये १९८५ पासून ३१ जुलै पुन्हा पाळला जाऊ लागला आहे.

आणि मेजवानी घरांत आहे. हवाईत मुलाचा पहिला वाढदिवस लग्नापेक्षा धुमधडाक्यात करतात. ही रीत त्या काळातली मानतात जेव्हा पोर वर्षाचं होणं हीच मोठी गोष्ट होती. आदल्या रात्री मामा-काका मागच्या अंगणात जमतात, दोन वाजता लाकडं पेटवतात, दगड तापेपर्यंत बिअर पीत गप्पा मारतात. डुक्कर आत जातं, वर पानं, ओलं गोणपाट, माती. बहुतेक घरांत इमू अजून पुरुषच लावतात. दुपारी तो उघडतात, आणि गॅरेजमध्ये लावलेल्या लांब टेबलांशी आजी, सुना, नातवंडं आणि ते भट्टीचे धुरकटलेले मामा-काका, जागा मिळेल तसे, एकमेकांशेजारी बसतात.